तारखेनिशी वाचायचा कायदा: प्रस्तावना

१८९७चा साथरोग प्रतिबंधक कायदा दोन छापील पानांत मावतो. मुळात त्याची कलमे चारच. पहिले नावाचे, दुसरे सरकारला तात्पुरती नियमावली करण्याचा अधिकार देणारे, तिसरे ती मोडणाऱ्याच्या शिक्षेचे आणि चौथे या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्याला दाव्यांपासून वाचवणारे. रुग्णालयाने दर किती लावावा, कारखाना बंद असताना कामगाराचा पगार कोणी द्यावा, साथीत सेवा देताना डॉक्टरच दगावला तर त्याच्या घरच्यांकडे कोणी पाहावे, यातले एक अक्षरही त्या चार कलमांत नव्हते. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने हाच कायदा पुन्हा हाती घेतला. दुसऱ्या दिवशी ‘महाराष्ट्र कोविड-१९ उपाययोजना नियम’ निघाले. त्यानंतरची दोन वर्षे कायदा आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः आदेशांच्या रूपाने. कधी मंत्रालयातून, कधी जिल्हाधिकाऱ्यांकडून, कधी महापालिका आयुक्तांच्या सहीने. आणि बऱ्याचदा मोबाइलवर आलेल्या पीडीएफमधून.

त्या पीडीएफ ज्यांना उघडून वाचाव्या लागल्या त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. तालुक्याच्या गावी वीस खाटांचे रुग्णालय चालवणारे डॉक्टर पती-पत्नी, चाकणला किंवा बुटीबोरीला दोन पाळ्यांत कारखाना चालवणारा उद्योजक आणि त्याच्याकडे मनुष्यबळ विभाग सांभाळणारी व्यक्ती, विधी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी, आणि ज्याच्या सहीने आदेश निघतो तो महापालिकेचा अधिकारीसुद्धा. या सगळ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे. कायद्याचे औपचारिक शिक्षण नसले तरी चालेल. आदेशाच्या पहिल्या पानावरचे संदर्भ आणि शेवटच्या पानावरची मुदत वाचण्याची तयारी मात्र हवी.

ती तयारी हवी, कारण या क्षेत्राचा एकच एक कायदा नाही. साथरोग कायद्याच्या जोडीला २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा येतो. रुग्णालयांना १९४९चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, ग्राहक संरक्षण कायदा आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू असतातच. उद्योगांना करार कायदा, कामगार कायदे, दिवाळखोरी संहिता. एरवी हे कायदे वेगवेगळ्या फायलींत आणि वेगवेगळ्या वकिलांकडे असतात. साथ आली की ते सगळे एकाच सकाळी, एकाच टेबलावर येतात, आणि त्यांच्यावर रोज नवे आदेश पडत राहतात. म्हणून मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. साथीतली कायदेशीर जबाबदारी तारखेवरून ठरते: त्या दिवशी कोणता आदेश अमलात होता, तो कोणत्या कलमाखाली होता, काढणाऱ्याला तो अधिकार होता का. आणि ज्या कागदाने माणसाला कामाला जुंपले जाते, त्याच कागदावर बोट ठेवून त्याला संरक्षण मागता आले पाहिजे. हुकूम आणि संरक्षण यांची फारकत आपल्या कायद्यात जन्मापासून होती. ती मिटवण्याचे काम अजून चालू आहे.

जन्मापासून, हे शब्दशः खरे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीच्या घरझडत्या सुरू झाल्या, लोकांच्या मनात संताप साचत गेला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण त्याच वर्षी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कायद्यात चौथे कलम होते. रुग्णाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्यासाठी त्या कायद्यात काहीही नव्हते. आरोग्य कर्मचाऱ्याचा त्या कायद्यात पहिल्यांदा नीट उल्लेख आला तो एप्रिल २०२०च्या वटहुकमाने, म्हणजे १२३ वर्षांनी.

प्लेगच्याच काळातले दुसरे प्रकरण इथे सविस्तर सांगतो, कारण या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्यात बीजरूपाने आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. ते सगळे ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष कोणाचा? हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल केला होता. चौकशी आयोगाने त्यावर बोट ठेवले आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांची कारकीर्द तिथे थांबली. मात्र बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता, ही साक्षही त्याच कागदपत्रांत होती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा नव्याने तपासला, रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

उत्पादकाची जबाबदारी कुठे संपते आणि वापरणाऱ्याची कुठे सुरू होते, घाईत बदललेली पद्धत कोणी मंजूर करायची, चौकशी करणाऱ्याला शास्त्र किती कळले पाहिजे, हे सगळे प्रश्न मुल्कोवालमध्ये आहेत. आणि हाफकिन यांची सुटका ज्याच्या आधारे झाली ती नोंद अगदी साधी होती: कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतून टोचले, आणि ती बाटली उघडताना नेमके काय घडले. आज लसीकरण केंद्रावर बॅच नंबर लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण वाचायला द्यावे, असे मला मनापासून वाटते.

आता २०२०. महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या आणि २१ मेच्या अधिसूचनेने दर बांधून दिले. साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. काही महागडी औषधे, चाचण्या, पीपीई किट हे त्याबाहेर. बिलिंग काउंटरवर महापालिकेचे लेखापरीक्षक येऊन बसू लागले. रुग्ण कोणत्या दिवशी वॉर्डातून आयसीयूत गेला, पीपीई किट एका रुग्णावर लावले की चार रुग्णांत वाटले, ही खाट ८० टक्क्यांतली की २० टक्क्यांतली, यावरून बिले फिरू लागली. वर्षभराने, जून २०२१ पासून, शहरांचे अ, ब, क असे वर्ग पाडून दर बदलले. ज्या विभागाला मुंबईत ७,५०० रुपये, त्यालाच क वर्गातल्या गावी ४,५००. एखादा रुग्ण ३१ मेला दाखल होऊन ८ जूनला घरी गेला असेल, तर त्याच्या एकाच बिलात दोन अधिसूचना वाचाव्या लागतात.

आणि अधिसूचनेलाही मर्यादा असते. उरलेल्या २० टक्के खाटांवरच्या, कोविड नसलेल्या रुग्णांचेही दर सरकार ठरवू शकते का, हा प्रश्न नागपूरच्या रुग्णालय संघटनेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला. तो अधिकार सरकारला नाही, असा निकाल २३ ऑक्टोबर २०२० रोजी आला. हा निकाल रुग्णालयांच्या बाजूचा म्हणून वाचू नये. साथरोग कायदा साथीपुरता आहे आणि त्याच्या नावाखाली बाकीचे आरोग्यक्षेत्र चालवता येणार नाही, हे त्यात सांगितले आहे. नियम पाळणाऱ्याला हेही माहीत हवे की कोणता नियम त्याच्यावर लागूच होत नाही.

साथ आहे म्हणून बाकीचे कायदे थांबतात, हा गैरसमज मात्र फार महाग पडला. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. टाळेबंदीत एजन्सी आली नाही, हे कारण कोणालाही पटण्यासारखे वाटेल. पण त्याच महिन्यांत खाटा वाढल्या होत्या, उपकरणांचा विजेवरचा भार वाढला होता, ऑक्सिजनच्या नव्या लाइन पडल्या होत्या. म्हणजे तपासणीची गरज एरवीपेक्षा जास्त होती. साथीच्या काळात कोणत्या तपासण्या पुढे ढकलता येतात आणि कोणत्या उलट लवकर करून घ्याव्या लागतात, यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. सगळ्या प्रकरणांत मला ते सर्वांत निकडीचे वाटते.

काही सवलती खरोखर मिळाल्या, पण त्याही नीट वाचाव्या लागल्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या काही नियमांना केंद्राने ४ एप्रिल २०२० रोजी ३० जूनपर्यंत स्थगिती दिली. त्यावर महिला संघटनांनी योग्यच गदारोळ केला. स्थगिती कागद सादर करण्याच्या मुदतीपुरती आहे, प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म एफ भरणे बंधनकारकच आहे, असा खुलासा मग केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केला. ज्या केंद्रांनी बातमीचा मथळा वाचून फॉर्म भरणे सोडले असेल त्यांना तो मथळा कोर्टात कामी येणार नाही. टेलिमेडिसिनचेही तसेच. फोनवरून औषधे सांगितली गेलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रत्नागिरीच्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता, तेव्हापासून राज्यातले डॉक्टर फोनवर सल्ला द्यायला कचरत होते. २५ मार्च २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दार उघडले. मात्र कोणती औषधे पहिल्याच कॉलला लिहिता येतात, कोणती फक्त पाठपुराव्यात आणि कोणती कधीच नाही, याच्या याद्या त्यांच्यातच आहेत. सल्ल्याची नोंद ठेवण्याची जबाबदारीही डॉक्टरचीच.

व्यवसायांकडे वळू. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की टाळेबंदीत कोणत्याही कामगाराचा पगार कापायचा नाही. १८ मेपासून तो मागे घेतला. मधल्या पन्नास दिवसांच्या पगाराचे काय? १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका आणि दोन्ही बाजूंनी बोलणी करा, असे सांगितले. कामगारांच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे होते असे माझे मत आहे. ज्याच्या घरात दोन महिने पैसा आला नाही तो कसली बोलणी करणार? त्याच वर्षी १ ऑक्टोबरला न्यायालयाने गुजरात सरकारची वेगळी अधिसूचना रद्द केली. कारखाने कायद्यातल्या ‘सार्वजनिक आणीबाणी’चा आधार घेऊन तिने कामाचे तास वाढवले होते आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला काढून घेतला होता. साथ ही त्या कलमाच्या अर्थाने आणीबाणी नाही, असे न्यायालय म्हणाले. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की उद्योगाला आपल्या पायाखालची जमीन कळते.

एप्रिल २०२०च्या मध्यात कारखाने उघडण्याची परवानगी मिळाली तेव्हा एक भीती पसरली होती: एखादा कामगार बाधित निघाला तर संचालकाला अटक होणार. गृह सचिवांनी २३ एप्रिलच्या पत्राने तो गैरसमज दूर केला. मालकाची संमती, जाणीव किंवा निष्काळजीपणा असेल तरच प्रश्न येतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ५८वे कलम कंपनीच्या अधिकाऱ्यांना हाच बचाव देते: आपण योग्य ती काळजी घेतली होती हे दाखवा. दाखवायचे कशाने, तर तापमानाच्या नोंदी, पाळ्यांचे नवे वेळापत्रक, मास्कवाटपाच्या सह्या यांनी.

करारांच्या बाबतीत ‘दैवी आपत्ती’ हे कलम पुष्कळांना आधार वाटले. दक्षिण कोरियातून पोलाद आयात करणाऱ्या खरेदीदारांनी बँकांनी पतपत्रांचे पैसे देऊ नयेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ८ एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने नकार दिला. माल रवाना झाला होता, पोलाद आवश्यक वस्तूंत होते, बंदरे चालू होती, आणि करारातले ते कलम विक्रेत्यासाठी होते, खरेदीदारासाठी नव्हते. आपल्याच करारातले कलम कोणाच्या बाजूने लिहिले आहे, हे सही करताना वाचलेले बरे.

लसीकरणाच्या सक्तीबद्दल थोडक्यात. दोन मात्रा घेतलेल्यांनाच लोकलने प्रवास, या २०२१च्या आदेशांना आव्हान दिले गेले तेव्हा ते आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीच्या रीतसर निर्णयाविना निघाले होते, हा मुद्दा निर्णायक ठरला आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लस कोणालाही जबरदस्तीने टोचता येणार नाही; मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतात. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लसीचे नियम करणाऱ्या कंपन्यांनी दोन्ही अर्धी वाक्ये वाचावीत.

आता त्या फारकतीकडे परत येतो, कारण हे पुस्तक लिहिले गेले त्याचे मूळ तिथे आहे. ३१ मार्च २०२० रोजी नवी मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांना नोटीस दिली: दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर भारतीय दंड संहितेच्या १८८व्या कलमाखाली गुन्हा दाखल होईल. एका डॉक्टरांनी दवाखाना उघडा ठेवला. त्यांना कोविड झाला आणि जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पत्नीने केंद्राच्या ५० लाखांच्या विमा योजनेत अर्ज केला. तो नाकारला गेला, कारण योजनेत खासगी डॉक्टर तेव्हाच बसतो जेव्हा त्याची सेवा सरकारने अधिग्रहित केलेली असते. आणि नोटीस म्हणजे अधिग्रहण नव्हे, ती तर फक्त दवाखाना उघडा ठेवायला सांगत होती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाच अर्थ मान्य केला.

थोडा वेळ त्या नोटिशीपाशी थांबा. गुन्ह्याची धमकी देताना राज्य त्या डॉक्टरांकडे कर्तव्य बजावायला बांधलेला माणूस म्हणून पाहत होते. भरपाईची वेळ आली तेव्हा तोच माणूस स्वतःच्या मर्जीने दवाखाना चालवणारा खासगी व्यावसायिक ठरला. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. साथरोग कायदा, महाराष्ट्राचे मार्च २०२०चे नियम, महापालिकेचा आदेश आणि विमा योजना हे सगळे एकत्र वाचले तर डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्या हे उघड आहे, असे न्यायालय म्हणाले. एका कागदाचा अर्थ लागायला पाच वर्षे आठ महिने गेले, आणि तोही एक कुटुंब आणि त्याच्यासोबतचे काही जण थांबले नाहीत म्हणून.

२०२०च्या वटहुकमाने आणि त्यामागोमागच्या दुरुस्ती कायद्याने आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा असेल तर सहा महिने ते सात वर्षे अशी शिक्षा आणली, तपासाला ३० दिवसांची मुदत घातली आणि राहण्याच्या किंवा कामाच्या परिस्थितीवर परिणाम करणाऱ्या छळालाही हिंसेत धरले. हे स्वागतार्ह आहे. परंतु ते संरक्षण साथीपुरते आहे आणि हल्ल्यापुरते आहे. आजारापासून, कर्जापासून, पश्चात राहिलेल्या कुटुंबाच्या कोर्टाच्या फेऱ्यांपासून त्यात काहीच संरक्षण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात या जुन्या कायद्यात मोठ्या सुधारणा किंवा नवा सर्वंकष कायदा सुचवला आहे. तो जेव्हा केव्हा होईल, तेव्हा सेवेचा हुकूम आणि सेवेतल्या मृत्यूची भरपाई एकाच कलमात शेजारी असावी, अशी मागणी डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि सफाई कामगारांच्या संघटनांनी आतापासून करायला हवी.

वाचताना एक लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून १८८व्या कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचे २२३वे आले आहे, संसर्ग पसरवण्याची कलमे २७१ आणि २७२ झाली आहेत. कोविडकाळातल्या घटनांना मात्र जुनीच कलमे लागू राहतात, म्हणून पुस्तकात दोन्ही क्रमांक दिले आहेत. मुदतीची गणितेही वेगळी आहेत: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता, आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०ला, म्हणजे ऐन साथीत, अमलात आला.

प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. रुग्णालय चालवणाऱ्यांनी दर आणि अग्निसुरक्षेपासून सुरुवात करावी, उद्योजकांनी पगार आणि करारांपासून. मी स्वतः मात्र पुराव्याच्या प्रकरणावर सर्वांत जास्त वेळ दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने अधिग्रहण मान्य केले असले तरी प्रत्येक दाव्यात, तो डॉक्टर कोविडचे काम करतानाच गेला हे विश्वासार्ह पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी कुटुंबावरच ठेवली आहे. त्या दिवसांचे केस पेपर, ओपीडीची नोंदवही, औषधविक्रेत्याकडे गेलेल्या चिठ्ठ्या, कंपाउंडरची साक्ष, महापालिकेच्या नोटिशीवरची पोच: यांतले काय चालते, काय पुरते, आणि दवाखाना आता दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल तर ते कुठून मिळवायचे, हे त्या प्रकरणात कागदागणिक दिले आहे.